पनवेल-उरणला गेलात तर ही चार गावं पाहूनच परता

नवी मुंबईला गेलं की माणसं मॉल बघतात, नवा विमानतळ बघतात आणि परत येतात. पण या शहराच्या आजूबाजूला चार गावं अशी आहेत, जी शेतकऱ्याच्या पोरांनी एकदा तरी पाहावीत. शिरढोण आणि गागोदे पनवेलहून पेणच्या बाजूला, तर जासई आणि चिरनेर उरणच्या बाजूला. दोन दिवस काढले तर सगळं निवांत होतं.

शिरढोण (ता. पनवेल) : मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ ला इथला. १८७६-७७ च्या दुष्काळात शेतकऱ्यांचे हाल पाहून त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं. १८७९ मध्ये पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. गावात त्यांचा वाडा आणि स्मारक आहे. पुढे त्याच रस्त्याला कर्नाळा किल्ला लागतो.

गागोदे (ता. पेण) : विनोबा भावे यांचं जन्मगाव, ११ सप्टेंबर १८९५. आईला संस्कृत गीता समजत नव्हती, म्हणून विनोबांनी सोप्या मराठीत ‘गीताई’ लिहिली. आजही ती घरोघरी वाचली जाते. १९५१ मध्ये भूमिहीनांसाठी भूदान चळवळ सुरू करणारे तेच.

जासई (ता. उरण) : नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, त्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. दि. बा. याच गावचे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना या लढ्यातून आली. गावात हुतात्मा स्मारक आहे.

चिरनेर (ता. उरण) : इंग्रजांच्या कायद्यामुळे गावकऱ्यांना जंगलातलं लाकूडफाटा आणायचीही बंदी होती. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या रानात लोकांनी जंगल सत्याग्रह केला. गोळीबारात आठ सत्याग्रही गेले, त्यात एक कातकरी बांधवही होता. दरवर्षी २५ सप्टेंबरला इथे हुतात्म्यांना पोलीस मानवंदना देतात. एकेकाळी पोलिसांनीच गोळ्या झाडल्या, तिथेच आज सलामी दिली जाते, हे मुलांना मुद्दाम सांगा. गावातलं महागणपतीचं देऊळही पाहण्यासारखं आहे.

कसं जाल : पनवेलपर्यंत रेल्वे, एसटी दोन्ही आहेत. २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. आतल्या गावांना स्वतःची गाडी किंवा रिक्षा बरी. पाणी आणि डबा सोबत ठेवा.

स्मारकावरचे फलक वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. जासईत पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारा. १९८४ चं आंदोलन डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून आहेत. ती आहेत तोवरच हे ऐकून घ्यायला हवं.