आकाशांतील भोंवरा

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव दोन कारणांनीं प्रसिद्ध आहे. प्राचीन ग्रीक प्रवासवृत्तांत ‘तगर’ म्हणून ज्या व्यापारी पेठेचा उल्लेख येतो ती हीच, असें संशोधक मानतात. आणि संत गोरोबाकाका कुंभारांचें गांवही हेंच. कुंभाराचें चाक एकदां वेगानें फिरूं लागलें कीं दांडा काढून घेतल्यावरही तें आपल्या गतीनें फिरत राहतें, हें तेथील पोरासोरांस कोणी शिकवावें लागत नाहीं. भोंवऱ्याची गोष्ट तीच. फिरत आहे तोंवर तो एका आरेवर ताठ उभा. गति मंदावली कीं डुलूं लागतो, आणि थांबला कीं आडवा. या साध्या गुणावर मनुष्यानें आकाशांत आपला जीव टांगला आहे. तो कसा, याचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५१ सालीं पॅरिस येथें लंबक टांगून पृथ्वी आपल्या आंसाभोंवतीं फिरते हें लोकांस डोळ्यांनीं दाखविलें. पुढील वर्षीं तेंच दाखविण्यासाठीं त्यानें एक जड चक्र कड्यांमध्यें असें बसविलें कीं बाहेरची चौकट कशीही वळविली तरी चक्राचा आंस आपली दिशा सोडीत नसे. या यंत्रास त्यानें ‘जायरोस्कोप’ हें नांव दिलें. त्या वेळीं तें केवळ प्रयोगशाळेंतील कौतुक होतें.

विमानें उडूं लागलीं तेव्हां त्या कौतुकाची गरज पडली. ढगांत शिरलेल्या वैमानिकास जमीन दिसत नाहीं व क्षितिजही दिसत नाहीं. उरतो तो कानाच्या आंतील तोल सांभाळणारा अवयव. पण तो अशा वेळीं दगा देतो. विमान एका बाजूस कलून बराच वेळ संथपणें वळत राहिलें, तर आपण सरळच जात आहों अशी त्याची ग्वाही असते. ती खरी मानून किती तरी कुशल वैमानिक प्राणांस मुकले. यावर उपाय निघाला तो २४ सप्टेंबर १९२९ रोजीं अमेरिकेंत. जेम्स डूलिटल यांनीं आपली बैठक कापडी आच्छादनानें पूर्ण झांकून घेतली, आणि बाहेर न पाहतां विमान उडविलें, वळविलें व सुखरूप उतरविलें. त्यांच्यापुढें स्पेरी यांच्या कारखान्यांतील कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक हीं दोन्ही भोंवऱ्याचीं यंत्रें होतीं.

आमच्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहू येथें पस मॉथ जातीच्या लहानशा विमानांतून टपाल आणलें, व पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें बेल्लारीमार्गें मद्रासला पोंचविलें. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलांत बुडे, म्हणून मुक्काम पुण्यास हलवावा लागे. धाराशिव जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत, उस्मानाबाद या नांवानें होता. त्या संस्थानांत १९४५ सालीं ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी स्थापन झाली, आणि १९५३ सालीं विमानवाहतुकीचें राष्ट्रीयीकरण झालें तेव्हां ती ‘इंडियन एअरलाइन्स’मध्यें विलीन झाली. नकाशावर मुंबईपासून हैदराबादपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती धाराशिवच्या अगदीं जवळून जाते. शहरालाही लहान विमानांपुरती धावपट्टी आहे. २००९ सालीं नांदेड, लातूर, बारामती व यवतमाळ येथील धावपट्ट्यांबरोबर तीही खाजगी कंपनीस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें देण्यांत आली.

आतां या यंत्राचें पोट पाहूं. पुष्कळशा लहान विमानांत इंजिनावर चालणारा एक पंप यंत्राच्या डबींतील हवा सतत ओढून घेतो. तिची जागा घेण्यासाठीं बाहेरची हवा गाळणींतून आंत शिरते, आणि तिचा झोत चक्राच्या कडेवरील खांचांवर आदळून चक्र मिनिटास दहा हजारांहून अधिक फेरे घेऊं लागतें. म्हणजे या भोंवऱ्याची दोरी हवेची. आणि हवेबरोबर जें येईल तें सारें त्याच्या वाट्यास येतें. बालाघाटच्या पठारावर उन्हाळ्यांत वावटळी उठतात, तेव्हां धुळीचा एक कणही बारीक बेअरिंगास पुरे होतो. पूर्वीं वैमानिक धूम्रपान करीत, त्या धुराचें कीटही गाळणींत बसे. म्हणून गाळणी वेळच्या वेळीं बदलणें हा या देखभालीचा पहिला धडा होय.

दुसरा धडा हळुवारपणाचा. टेबलावरून वीतभर उंचीवरून पडलेलें यंत्र वरून निर्दोष दिसतें, पण त्याचें बेअरिंग दबलेलें असतें. चक्र थांबण्यापूर्वीं यंत्र काढूं नये. इंजिन बंद केल्यावरही तें कित्येक मिनिटें घुमत असतें. जाणता मेकॅनिक त्या वेळीं कान देऊन ऐकतो: स्वच्छ घुमणें निराळें, आणि खरखर निराळी. डबी मात्र तो स्वतः उघडीत नाहीं. तें काम धूळरहित खोलींत, परवानाधारक कारागिरांनींच करावयाचें असतें. पंपाच्या आंतील कार्बनच्या पट्ट्या तुटल्या तर त्यांचा चुरा नळ्यांत शिरतो. नळ्या साफ न करतां नवा पंप बसविला तर तोही लौकरच जातो. यांत भयंकर गोष्ट ही कीं पंप बंद पडला तरी कृत्रिम क्षितिज लगेच पडत नाहीं. गति ओसरेल तसें तें हळूहळू कलतें, आणि बेसावध वैमानिक त्याच्याबरोबर विमानही कलवीत नेतो. म्हणून वळणदर्शक बहुधा विजेवर चालवितात, कीं एक फसलें तर दुसरें साक्षीस उरावें.

निर्दोष यंत्रही पूर्ण सत्य सांगत नाहीं. आंस आकाशांत स्थिर राहतो, पण पृथ्वी खालून फिरते. त्यामुळें धाराशिवच्या अक्षांशावर दिशादर्शक तासास सुमारें पावणेपांच अंश सरकल्यासारखा दिसतो. त्यांत घर्षणाची भर पडते. सबब दर पंधरा मिनिटांनीं तो होकायंत्राशीं जुळवून घ्यावा लागतो. फूकोनें जें जगास दाखविण्यासाठीं यंत्र घडविलें, तेंच वैमानिकास निस्तरावें लागतें!

या गोष्टी क्षुद्र वाटत असतील तर १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवावी. एअर इंडियाचें ‘सम्राट अशोक’ हें प्रचंड विमान सांताक्रूझहून दुबईस निघालें, आणि दोन मिनिटांच्या आंत वांद्र्यासमोर समुद्रांत कोसळलें. २१३ जीव गेले. खालीं काळा समुद्र, पुढें क्षितिज नाहीं, आणि कप्तानासमोरचें स्थितिदर्शक यंत्र बिघडलेलें. तसलींच आणखी यंत्रें त्याच कक्षांत होतीं. तीं पडताळण्याइतका अवधि मिळाला नाहीं.

इंद्रियांवर विसंबूं नये, यंत्रावर विसंबावें, असें वैमानिकास शिकवितात; आणि तें योग्यच आहे. परंतु यंत्रावरील विश्वास हा अखेरीस एका मनुष्यावरील विश्वास असतो. ज्यानें गाळणी बदलली, नळी झटकली, घुमणाऱ्या चक्राला कान लावला, तो प्रवाशांस कधीं दिसत नाहीं, आणि त्याचें काम चोख झालें तर त्याची आठवणही कोणास होत नाहीं. कुंभाराचें मडकें पेठेंत जातें, चाक घरींच राहतें. विमानांतून उतरतांना आपण आकाशाचें कौतुक करतों. त्यांतील थोडें त्या चाकाच्या राखणदारासही द्यावें, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.