वऱ्हाडातील सेवाकार्य आणि सेवा घेणाऱ्याची प्रतिष्ठा

मदत घेणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा राखणे हे समाजकार्याचे मूलभूत नैतिक तत्त्व आहे. भारतात समाजकार्याचे रीतसर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्या वेळी स्थापन झालेली शाळाच आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतील फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे मांडली. माणसाला आहे तसा स्वीकारणे, त्याच्यावर दोषारोप न करणे, त्याचा निर्णय त्याला घेऊ देणे आणि त्याची गोष्ट गुप्त ठेवणे ही त्यांतली प्रमुख होत. वऱ्हाडातील अमरावती जिल्ह्यात मात्र ही तत्त्वे पुस्तकात येण्याआधीच आचरणात आली होती.

या परंपरेचे पहिले मोठे नाव गाडगेबाबांचे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी १९०५ मध्ये घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर आणि हातात खराटा घेऊन ते गावात शिरत, आधी गाव झाडत आणि मग भाकरी मागत. कष्टाविना खाणे त्यांना मान्य नव्हते आणि कोणी पाया पडलेलेही खपत नसे. देणारा वर आणि घेणारा खाली ही उतरंडच त्यांनी मोडली. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे. कर्ज, दारू, देवापुढचा पशुबळी, शिवाशिव यांवर ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. अडाणी समजला जाणारा माणूसही स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतो, हा विश्वास त्या पद्धतीच्या मुळाशी होता.

त्यांच्या धर्मशाळांमागेही हाच विचार दिसतो. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना इतर धर्मशाळांत थारा नव्हता, म्हणून त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला त्यांनी आंधळ्या-पांगळ्यांसाठी आणि महारोग्यांसाठी अन्नदान चालवले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे निधन झाले.

दुसरा टप्पा कुष्ठसेवेचा. १८९८ च्या कायद्याने रस्त्यावरच्या कुष्ठरुग्णाला पकडून वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. समाजाच्या लेखी तर तो जिवंतपणीच मेलेला असे. होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यसैनिक शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीत विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन केले आणि त्यातून तपोवन उभे राहिले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांचे काम १९३६ पासून चालू होते; वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन १९४९ नंतर वाढले. तपोवनात औषधाच्या जोडीला रुग्णांना कामही मिळाले. भीक मागणारा हात सुतारकामात आणि मागावर गुंतला, की माणसाची स्वतःविषयीची समजूत बदलते, हा या साऱ्या संस्थांचा अनुभव आहे.

प्रतिष्ठा किती बारीकसारीक गोष्टींत असते, हे कुष्ठसेवेने शिकवले. आजाराने तळपाय बधिर होतो. खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून रुग्णांना मऊ रबराच्या एमसीआर चपला देतात. पण या चपला वेगळ्या दिसत असल्याने गावात आजार लगेच ओळखू येई. त्यामुळे पुष्कळ जण त्या घालत नसत आणि पाय गमावून बसत. पुढे नेहमीच्या चपलांसारख्या दिसणाऱ्या एमसीआर चपला बनू लागल्या. गुप्तता हे तत्त्व इथे थेट पायाच्या जखमेशी जोडलेले होते. कायद्याला हे समजायला मात्र फार वेळ लागला. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही ते २०१९ मध्ये.

तिसरा टप्पा अचलपूर तालुक्यातील वझ्झरचा. गाडगेबाबांच्या विचारांवर चालणारे शंकरबाबा पापळकर यांनी तिथे टाकून दिलेल्या मतिमंद, अंध, मूकबधिर मुलांसाठी बालगृह चालवले. कागदावर बेवारस असलेल्या १२३ मुलांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचे नाव लावले. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर वडिलांच्या नावाची जागा भरली. अठरा वर्षे पूर्ण होताच दिव्यांग मुलांना संस्थेबाहेर काढणारा नियम बदलावा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. कित्येक मुलामुलींची लग्ने त्यांनी लावून दिली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आज अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यासमोर या तत्त्वांची रोजच परीक्षा असते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी चौकशीला माणसे येतात, कर्जाचे कागद मागतात. नंतर समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते आणि पात्र ठरल्यास एक लाखाची मदत मिळते. या साऱ्यात घरातल्या बाईला शेजाऱ्यांदेखत नवऱ्याच्या मृत्यूचा हिशेब द्यावा लागू नये, हे पाहणे कार्यकर्त्याचे काम आहे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतील व्यसनमुक्तीचे काम असो वा गावातले ब्लँकेटवाटप, नियम तोच राहतो: माणसाला नावाने हाक मारावी, बसायला जागा द्यावी, परवानगीशिवाय फोटो काढू नये, कोणी सांगितलेली गोष्ट चावडीवर नेऊ नये आणि पुढे काय करायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. यातल्या कशालाही निधी लागत नाही. म्हणूनच ते न करण्याला सबबही नाही.