'लोकल' म्हणजे किती लांब?

संगणकांच्या जाळ्यांचे प्रकार किती, असे विचारले की मुले धडाधड सांगतात : लॅन, मॅन आणि वॅन. इमारतीपुरते ते लॅन, शहरापुरते ते मॅन आणि त्यापलीकडचे सगळे वॅन. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. पण एखादीने विचारले, "इमारतीपुरतेच का? तार आणखी लांब नेली तर काय बिघडेल?" तर आपल्यापैकी बरेच जण अडखळतील. आम्हीही अडखळलो. उत्तर शोधताना जी गोष्ट हाती लागली, ती इथे सांगत आहोत. ती कॅलिफोर्नियात सुरू होते, हवाई बेटांवरून जाते आणि मुंबईत जुहू-पवईपर्यंत येते.

दोन अक्षरांचा निरोप

१९६० च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. दोन गावांतले संगणक जोडायचे तर टेलिफोनच्या तारा होत्याच. पण टेलिफोनची रीत अशी, की दोघांचे बोलणे चालू असेपर्यंत मधली वाट त्या दोघांसाठी राखून ठेवायची. संगणक क्षणभर बोलतो आणि मग बराच वेळ गप्प बसतो. त्याच्यासाठी वाट अडवून ठेवणे म्हणजे उधळपट्टीच.

यावर अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे एकच उपाय सुचवला. निरोपाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा आणि पोस्टाच्या थैलीतल्या पत्रांप्रमाणे इतरांच्या तुकड्यांबरोबर तो पाठवावा. डेव्हिस यांनी या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव दिले.

याच तत्त्वावर अमेरिकेत 'अर्पानेट' उभे राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून सुमारे ५५० किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरे, एल आणि ओ, पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. दुरुस्ती करून नंतर त्याच रात्री जोडणी जमली. वर्ष संपेपर्यंत चार ठिकाणे जोडली गेली. दूरदूरची गावे, मधल्या तारा टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या आणि प्रत्येक ठिकाणी पॅकेट पुढे पाठवणारे एक वेगळे यंत्र, अशी ही रचना होती. वॅनचे रूप मुळात हेच.

बेटांवरची अडचण

हवाई विद्यापीठापुढे निराळाच प्रश्न होता. संगणक होनोलुलूत, पण विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर. मध्ये समुद्र आणि टेलिफोनची सेवा महाग. तेव्हा नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरी वापरायचे ठरवले. १९७१ साली 'अलोहानेट' सुरू झाले.

इथे सर्वांना बोलायला रेडिओची एकच वाट होती. मग कोणी कधी बोलायचे? प्रत्येकाला पाळी लावून द्यावी, तर ज्याला काही सांगायचे नाही त्याचीही पाळी फुकट जाणार. अब्रॅमसन यांनी पाळीच काढून टाकली. ज्याला बोलायचे आहे त्याने बोलावे. मुख्य केंद्राकडून पोच आली तर ठीक. नाही आली, तर दुसऱ्या कोणाच्या पॅकेटशी टक्कर झाली असे समजावे, थोडे थांबावे आणि तेच पुन्हा पाठवावे.

यातली खुबी 'थोडे थांबावे' यात आहे. अरुंद बोळात दोन माणसे समोरासमोर आली, की दोघेही एकाच वेळी एकाच बाजूला सरकतात आणि पुन्हा अडतात. दोन्ही केंद्रे सारखाच वेळ थांबली तर त्यांचेही तसेच होईल. म्हणून किती थांबायचे हे प्रत्येकाने फासा टाकल्यासारखे, यदृच्छेने ठरवायचे.

रीत सोपी, पण तिची किंमत होती. गणिताने दिसले की या पद्धतीत वाटेचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. बाकीचा टक्करीत किंवा शांततेत जातो.

आधी ऐका, मग बोला

अब्रॅमसन यांचा लेख रॉबर्ट मेटकाफ या तरुण अभियंत्याच्या वाचनात आला. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात टेबलाटेबलावर संगणक ठेवायचे होते आणि सर्वांनी मिळून एकच लेझर प्रिंटर वापरायचा होता. मे १९७३ मध्ये मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले : सर्व संगणक एकाच केबलला जोडा आणि हवाईची रीत वापरा. डेव्हिड बॉग्ज यांच्या मदतीने त्यांनी ते प्रत्यक्षात आणले. हेच 'ईथरनेट'.

हवाईत बेटांवरच्या केंद्रांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. एका केबलवर मात्र सर्वांना सर्वांचे ऐकू येते. म्हणून मेटकाफ यांनी दोन नियम वाढवले. बोलण्याआधी ऐका, कोणी बोलत असेल तर थांबा. आणि बोलतानाही ऐकत राहा. टक्कर जाणवली तर लगेच गप्प बसा. एवढ्याने वाया जाणारा वेळ खूपच कमी झाला.

आता त्या मुलीचा प्रश्न घेऊ. टक्कर कळायची तर आपले बोलणे संपण्यापूर्वी तिची खबर आपल्यापर्यंत यायला हवी. दोघे केबलच्या दोन टोकांना असले तर संकेताला जाऊन परत येण्याइतका वेळ लागणार. पुढे प्रमाणित झालेल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला १ कोटी बिट होता आणि सर्वांत लहान पॅकेट ५१२ बिटांचे. ते पाठवायला सुमारे ५१ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात संकेत जाऊन परत आला पाहिजे, वाटेतल्या उपकरणांतला विलंबही त्यातच. म्हणून दोन टोकांतले अंतर साधारण अडीच किलोमीटरपुरते ठेवावे लागले. तार याहून लांब नेली तर टक्कर होऊनही पाठवणाऱ्याला तिचा पत्ताच लागणार नाही! लॅनमधला 'लोकल' पुस्तकातल्या व्याख्येआधी संकेताच्या वेगाने ठरवला होता.

आज बहुतेक लॅनमध्ये प्रत्येक संगणकाची वेगळी तार 'स्विच'ला जोडलेली असते. त्यामुळे तारेवर टक्करच होत नाही आणि हे बंधनही उरलेले नाही. आता 'आपली जागा, आपली तार, आपली देखरेख' हीच लॅनची खूण म्हणावी लागेल. यदृच्छेने थांबण्याची युक्ती मात्र वायफायमध्ये अजून चालू आहे. मॅन हे नाव आता फारसे ऐकू येत नाही; एका शहरातल्या अनेक लॅन जोडणारे जाळे, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

जाळ्यांचे जाळे

प्रत्येक जाळ्याचे नियम वेगळे, मग ती एकमेकांशी बोलणार कशी? १९७४ साली व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी सर्वांसाठी एक सामाईक बोली सुचवली. तिच्यातूनच 'टीसीपी-आयपी' घडली आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने ती स्वीकारली. इंटरनेट म्हणजे अशी जाळ्यांना जोडणारे जाळे.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' सुरू केले. त्यातल्या आठ संस्थांपैकी दोन मुंबईच्या होत्या : जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी. संस्थेच्या आवारात लॅन आणि संस्थांना जोडणारे वॅन, असे दोन्ही प्रकार तिथे एकत्र नांदत होते. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

वर्गात करून पाहा

सहा मुलांना डोळे मिटून, कान झाकून बसवा. प्रत्येकाने मनात येईल तेव्हा एक शब्द मोठ्याने बोलायचा. दोन शब्द एकदम आले तर तुम्ही 'टक्कर' म्हणून दोघांच्या खांद्याला हात लावा. दोघांनी फासा टाकून तितके सेकंद थांबायचे आणि पुन्हा बोलायचे. हे झाले अलोहानेट. मग कान उघडे ठेवून 'आधी ऐका' हा नियम लावा : हे ईथरनेट. पाच-पाच मिनिटांत किती शब्द सुखरूप पोचले ते फळ्यावर मांडा. शेवटी एकदा फासा काढून घ्या आणि टक्कर झाली की सर्वांना मोजून तीनच सेकंद थांबायला सांगा. फासा कशाला हवा, हे मग मुलेच तुम्हाला समजावून सांगतील.