शत्रूचा शोक गाणारा वृंद

ग्रीक नाटकातील ‘कोरस’ म्हणजे पोवाड्यातील झीलकऱ्यांप्रमाणे मुख्य गायकामागे सूर धरणारा समूह, अशी आमची विद्यार्थिदशेतील समजूत होती. सेवानिवृत्तीनंतर ही नाटके अनुवादांतून सलग वाचली, तेव्हा ती पार बदलली.

ग्रीसमध्ये वृंदगान हे नाटकाहून जुने. डायोनायसस देवतेच्या ‘डिथिरँब’ या वृंदगीतांच्या अग्रणी गायकांपासून शोकांतिका उगम पावली, असे अॅरिस्टॉटल सांगतो. अथेन्समधील वासंतिक उत्सवात नगराच्या १० गणांचे प्रत्येकी ५० जणांचे वृंद स्पर्धेस उतरत. शोकांतिकेतील वृंद आरंभी १२ जणांचा होता. सोफोक्लीसने तो १५ जणांचा केला, अशी परंपरा आहे. गाणारे सामान्य नागरिकच असत. त्यांच्या तालमीचा व पोशाखाचा खर्च एखादा धनिक उचलीत असे.

या नागरिकांच्या मुखी कवींनी काय घातले, हे पाहण्यासारखे आहे. इ. स. पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने अथेन्स जाळले आणि त्याच वर्षी सालामिसच्या आरमारी युद्धात ते पराभूत झाले. अवघ्या ८ वर्षांनी एस्किलसने ‘पर्शियन्स’ हे नाटक सादर केले. वृंदाचा खर्च तरुण पेरिक्लीसने केला होता. त्यातील वृंद पर्शियाच्या वृद्ध सभासदांचा आहे. म्हणजे अथेन्सचे नागरिक शत्रूच्या मृत पुत्रांसाठी विलाप करीत होते, आणि समोर सालामिसला लढलेले प्रेक्षक बसले होते!

पुढे अथेन्सनेच मेलोस बेट जिंकून तेथील पुरुषांची कत्तल केली व स्त्रिया-मुलांना दास्यात विकले. त्यापाठोपाठ इ. स. पू. ४१५ मध्ये युरिपिडीसचे ‘ट्रोजन विमेन’ रंगभूमीवर आले. त्यातील वृंद ट्रॉयच्या बंदिवान स्त्रियांचा आहे. प्रेक्षकांना मेलोस आठवले नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

वृंद हा नटांपैकीच एक मानावा, असे अॅरिस्टॉटल म्हणतो. अॅगॅथॉनपासून कथानकाशी संबंध नसलेली गीते घालण्याची प्रथा पडली, असेही तो नोंदवितो. मिनॅन्डरच्या सुखात्मिकांच्या संहितांत तर अंकांच्या मध्ये ‘वृंदाचे गीत’ एवढीच सूचना उरते.

झील धरणारा गेला म्हणून पोवाडा थांबत नाही. वृंद गेल्यावर ग्रीक नाटकही थांबले नाही. परंतु पराभूताचे दुःख जेत्या नगराने स्वमुखाने गावे, ही रीत मात्र त्याबरोबर गेली. आम्हांस ती हानी मोठी वाटते.