खिळे, साचे आणि सांगवी पाटणचा गोठा

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरचे ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, सांगवी पाटणच्या डोंगरावर, २०२०च्या टाळेबंदीत मात्र एका गोठ्यात संगणक मांडले गेले. फोर-जीची रेंज तिथे चांगली मिळत होती. तिथे घडत होते डिझाइनचे तयार साचे.

एकदा घडवलेला भाग पुन्हा पुन्हा वापरायची युक्ती मराठी छपाईत जुनीच. ‘कि’, ‘कु’, ‘के’ असं प्रत्येक रूप स्वतंत्र ओतायचं म्हटलं, तर खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या टायपांची, संख्या शेकड्यांत जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी अक्षराची फोड केली. मात्रा-वेलांट्या सुट्या ओतल्या. अक्षराला हवी ती लावून जुळाऱ्याने पान उभं करायचं. याच छापखान्यात लहानपणी टाईप घासणाऱ्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ काढला.

सांगवी पाटणच्या गोठ्यात संगणक मांडणाऱ्या दादासाहेब भगत यांची सुरुवातही अशीच तळातून झाली. पुण्यात इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसमध्ये नऊ हजार रुपये पगारावर ते पडेल ते काम करत. तिथल्या संगणकांच्या पडद्यांवरचं काम पाहून ते ॲनिमेशन शिकले. हैदराबादला नोकरी करताना त्यांच्या लक्षात आलं, की व्हिज्युअल इफेक्ट दरवेळी नव्याने करण्यातच वेळ जातो. मग इफेक्टचे साचे करून ठेवायचे, हालचाल कायम ठेवायची आणि मजकूर, चित्र, रंग तेवढे बदलायला मोकळे सोडायचे. अपघातामुळे अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि याच संग्रहाला वाहून घेतलं. त्यातून ‘नाइन्थ मोशन’ ही कंपनी उभी राहिली.

जगभरचे वेब प्रोग्रॅमरही त्याच वाटेने निघाले होते. ट्विटरच्या ‘बूटस्ट्रॅप’ने २०११ मध्ये बटणं, मेनू, फॉर्म तयार हातात दिले. फेसबुकच्या ‘रिॲक्ट’ने २०१३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: बटण कसं दिसेल आणि क्लिक केल्यावर काय करेल, हे एकाच घटकात बांधायचं. माहिती तेवढी बाहेरून पुरवायची. काय पक्कं ठेवायचं नि काय मोकळं, हा ग्रॅहम यांच्यापुढचाच प्रश्न.

भगत यांनी पुढे ‘डिझाइन टेम्प्लेट’ हा ऑनलाइन मंच उभारला. ‘शार्क टँक इंडिया’त अमन गुप्ता यांनी त्यातल्या दहा टक्के हिश्शासाठी एक कोटी रुपये देऊ केले.