गेमची ‘लीक’ खरी की बनावट? शेअर करण्याआधी या चार गोष्टी तपासा

“उद्या सकाळी १० वाजता गेम लाँच, ही घ्या लिंक!” असा मेसेज तुमच्याही गेमिंग ग्रुपवर येऊन गेला असेल. अशी माहिती कधीकधी खरी निघते, बऱ्याचदा निघत नाही. मग ओळखायचं कसं?

आधी आपल्याकडचं उदाहरण

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲप्सवर बंदी घातली. १२ नोव्हेंबरला कंपनीने ‘पबजी मोबाइल इंडिया’ येणार असल्याचं सांगितलं, पण तारीख दिली नाही. मग ‘लीक’ झालेल्या तारखा आणि एपीके फाइल्स फिरू लागल्या.

प्रत्यक्षात ६ मे २०२१ रोजी क्राफ्टन कंपनीने वेगळंच नाव जाहीर केलं: बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजेच बीजीएमआय. १८ मेपासून प्ले स्टोअरवर नोंदणी सुरू झाली आणि २ जुलैला गेम अधिकृतपणे आला. ‘पबजी मोबाइल इंडिया’ या नावाचा गेम कधी आलाच नाही. म्हणजेच तो गेम मिळवून देणारी प्रत्येक लिंक बनावट होती.

खरी लीक कशी दिसते?

१८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘जीटीए ६’च्या सुमारे ९० क्लिप्स इंटरनेटवर आल्या. ग्राफिक्स अर्धवट होते, स्क्रीनवर डेव्हलपरसाठीचा मजकूर दिसत होता. या गेममध्ये महिला मुख्य पात्र असेल, असं वृत्त ब्लूमबर्गने जुलैमध्येच दिलं होतं. क्लिप्समध्ये ते पात्र होतं. यूट्यूबवरून व्हिडिओ हटवले जाऊ लागले आणि दुसऱ्याच दिवशी रॉकस्टार कंपनीने लीक झाल्याचं मान्य केलं.

या चार गोष्टी तपासा

१. सगळ्यात आधी कोणी टाकलं? हजार शेअर म्हणजे हजार पुरावे नव्हेत. मूळ पोस्ट शोधा. त्या अकाउंटची आधीची भाकितं खरी ठरली होती का, आणि चुकलेल्या पोस्ट डिलीट केल्या आहेत का, ते पाहा.

२. फोटो जुना आहे का? गूगल लेन्सवर टाकून बघा. दुसऱ्या गेमचा किंवा फॅनने बनवलेला फोटो बऱ्याचदा इथेच पकडला जातो. एकच चकचकीत स्क्रीनशॉट एआयनेही बनतो. तासभराचं सलग फुटेज बनावट तयार करणं त्यापेक्षा खूप अवघड आहे.

३. कंपनीने काय केलं? कॉपीराइटचा दावा करून व्हिडिओ हटवला असेल, तर लीक खरी असण्याची शक्यता वाढते. मात्र “हटवण्याआधी बघा” एवढं लिहिलेलं असणं हा पुरावा नाही.

४. तुमच्याकडून काही मागतात का? एपीके, ओटीपी, लॉगिन किंवा ‘बीटा ॲक्सेस’साठी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. अनोळखी एपीकेला एसएमएस वाचायची परवानगी दिली, तर बँकेचा ओटीपीही त्याच्या हाती लागू शकतो.

लीक खरी असली तरी…

ती अंतिम नसते. गेम बनता बनता बदलतो, तारीखही बदलते. ‘फ्री फायर इंडिया’ ५ सप्टेंबर २०२३ रोजी येणार, हे तर खुद्द गरिना कंपनीने जाहीर केलं होतं. तरीही लाँच ऐनवेळी पुढे ढकललं गेलं. अधिकृत तारखेचं हे, तर लीक झालेल्या तारखेवर किती विसंबायचं?

अशा लिंकमुळे पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.