इंग्रजी व्याकरणातील समानाधिकरण संयोजनाची कल्पना : एक ऐतिहासिक टिपण

‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘बट’ ही अव्यये समान दर्जाचे शब्द अथवा वाक्ये जोडतात, हा इंग्रजी व्याकरणाच्या आरंभीच्या पाठांपैकी एक होय. त्यामुळे ही व्याख्या व्याकरणाइतकीच जुनी असावी, असा समज सहज होतो. इतिहासाच्या कसोटीस तो उतरत नाही.

लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले व शाळांतून त्याचा दीर्घकाळ प्रसार राहिला. जुन्या परंपरेस अनुसरून मरे यांनी उभयान्वयी अव्ययांचे संयोजक व वियोजक असे दोन वर्ग केले. पहिल्यात ‘अँड’च्या शेजारी ‘इफ’ आणि ‘बिकॉज’ येतात. दुसऱ्यात ‘बट’ व ‘ऑर’ यांच्या पंक्तीस ‘दो’ आणि ‘अनलेस’ बसतात. म्हणजे वर्गीकरणाचे गमक अर्थ हे होते. जोडलेल्या वाक्यांपैकी प्रधान कोणते व गौण कोणते, हा प्रश्न या विभागणीत उद्भवतच नाही.

त्या प्रश्नास महत्त्व आले ते जर्मन व्याकरणविचारामुळे. कार्ल फर्डिनांड बेकर यांच्या पद्धतीवर जे. डी. मोरेल यांनी १८५२ मध्ये इंग्रजी वाक्यपृथक्करणाचे पुस्तक रचले. अर्थाऐवजी वाक्यांचे परस्परांशी असलेले नाते आता पुढे आले. हा भेद प्रयोगानेही पडताळता येतो. ‘दो’ने आरंभ होणारे वाक्य मुख्य वाक्याच्या आधी ठेवता येते, ‘बट’ने आरंभ होणारे तसे हलविता येत नाही. दोहोंतून विरोधच सूचित होतो, तथापि रचनेच्या दृष्टीने ती भिन्न वर्गांतील ठरतात. पुढे १९३३ मध्ये लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी हे तत्त्व शब्दसमूहांसही लावले : समानाधिकरण रचनेत संपूर्ण समूह व त्याचे जोडलेले घटक एकाच वर्गाचे असतात.

मराठी शालेय व्याकरणात या दोन्ही दृष्टी एकत्र नांदताना दिसतात. प्रधानत्वसूचक व गौणत्वसूचक हा मुख्य विभाग रचनेवर आधारलेला आहे. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक हे पोटविभाग अर्थावर. ‘परंतु’ आणि ‘जरी’ यांचा अर्थ जवळचा असूनही त्यांची स्थाने निराळी का, याचे उत्तर या दोन पातळ्या अलग केल्यावाचून मिळत नाही. व्याख्येचा इतिहास जाणणे हे अध्यापनाच्याही उपयोगाचे आहे, ते याच कारणाने.